कौसाचं शुद्धिपत्र

पुस्तकाच्या प्रकाशनात पुस्तक सोडून बाकी सगळ्यांची काळजी घेतली जाते. ज्याला अर्ध्यातून उठून दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं असतं त्याला पहिल्यांदा बोलू देतात, ज्यानं देणगी दिली त्याचा फोटो मोठा छापतात, आणि ज्या माणसानं ते पुस्तक लिहिलं त्याला शेवटी, लोक चपला शोधायला लागल्यावर, ‘वेळेअभावी दोन शब्द’ बोलायला सांगतात. आता आमचं पुस्तकांचं दुकान माझ्या ताब्यात आहे आणि आमच्याकडं लेखक पहिल्यांदा बोलतो, पाहुणे नंतर. ज्यांना हे पटत नाही ते येत नाहीत. ते न आल्यानं चहा वाचतो, दुसरं काही नुकसान आजवर झालेलं नाही. परवाच एका कवीनं स्वतःचा फ्लेक्स, स्वतःचा फोटोग्राफर आणि स्वतःचे सहा सत्कारमूर्ती घेऊन येतो म्हणून फोन केला. मी म्हटलं, पुस्तक घेऊन या आणि तुम्ही या. तो अजून आलेला नाही. लोक मला तिरसट म्हणतात. म्हणोत. हा नियम मी हौसेनं केलेला नाही. तो का केला ते एकदा लिहून ठेवायचं होतं.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं दुकान हिंगोलीत बाजाराच्या रस्त्यावर होतं, अजून आहे. खाली दुकान, मागं स्वयंपाकघर, वर एक खोली. दुकानात तीन भिंती गाइडं, वह्या, कंपासपेट्या आणि पिवळ्या वेष्टनातल्या अपेक्षित प्रश्नसंचांच्या होत्या, आणि आमचं घर त्यावर चालायचं. चौथ्या भिंतीला, रस्त्याकडच्या बाजूला, एक काचेचं कपाट होतं. ते एकटं अण्णांचं. त्यात दर महिन्याला एकच नवं पुस्तक उभं करून ठेवलेलं असायचं आणि शेजारी पांढऱ्या कार्डावर ‘या महिन्याचं पुस्तक, या महिन्याचे लेखक’. खाली लेखकाची ओळख, दहा-बारा ओळींत, माझ्या अक्षरात. नांदेडहून, परभणीहून, कधी औरंगाबादहून लेखक यायचे. गाइड घ्यायला आलेली पोरं कपाटापुढं थांबून काचेत भांग पाडायची. अण्णा त्यांना हटकायचे नाहीत. भांग पाडता पाडता एखाद्याचं लक्ष जाईल, म्हणायचे. दुकानात दिवसभर झेरॉक्स मशीनची घरघर आणि तिच्या मागून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा. गिऱ्हाईक नवीन असलं की विचारायचं, मागं काय छापखाना आहे का?

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रकाशन असायचं. गाइडांचे रॅक भिंतीला सरकवून पुढं खुर्च्या, मागं सतरंजी. पुस्तकं जिलेटिनच्या कागदात गुंडाळून वर फीत बांधणं माझ्याकडं होतं. फितीची गाठ अशी हवी की पाहुण्यानं एका बोटानं ओढली की सुटली पाहिजे, आणि त्याआधी कुणाचा धक्का लागला तरी सुटता कामा नये. मी त्यात तरबेज होते. आई सकाळपासून पातेलंभर सुशीला करायची. मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, वर कोथिंबीर. आमच्याकडं पाहुण्याला दुसरं काही देण्याची पद्धत नव्हती. पुण्या-मुंबईकडचा लेखक असला की बशी हातात घेऊन हिचं नाव काय म्हणायचा, नाव ऐकून हसायचा, आणि दुसऱ्यांदा मागून घ्यायचा. आई आतून भाषण ऐकायची आणि मला सांगायची की हा माणूस पुस्तक वाचून आलेला न्हाई. ती सातवी शिकलेली होती आणि तिचा अंदाज कधी चुकला नाही.

आमच्या घरात दोन मराठी होत्या. आईची, आणि शाळेनं मला दिलेली. आईला आतून हाक मारली की ती म्हणायची, थांब, भाकरी करून राहिले. म्हणजे हात पिठात आहेत, भाकरी तव्यावर आहे, काम चालू आहे, संपलेलं नाही. हिंगोलीत सगळेच असं बोलतात. मीही दहावीपर्यंत तशीच बोलायचे. मग मला शुद्धलेखनाच्या स्पर्धेत जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं आणि मी घरात मास्तरीण झाले. आई न्हाई म्हणाली की मी नाही म्हणायचे, ती काहून म्हणाली की मी का म्हणायचे. ती रागवायची नाही. बक्षिसाची ढाल तिनं पिठाच्या डब्यावर उभी करून ठेवली होती. आज ते आठवलं की मला स्वतःचा राग येतो, आणि ज्यांनी मला ती ढाल दिली त्यांचा जास्त.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा प्रयाग खिल्लारे दुकानात आल्या. त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. नरसीच्या पुढं एका गावात आरोग्य उपकेंद्र होतं, तिथल्या त्या नर्सबाई. उंच, काळ्या, पांढऱ्या पातळाला निळी किनार, हातात औषधाच्या कंपनीनं फुकट वाटलेली पिशवी. जय भीम भाऊ, म्हणाल्या. अण्णा नमस्कार म्हणाले. अण्णा प्रत्येकाला त्याच्या नमस्काराचं उत्तर त्याच शब्दात द्यायचे, रामरामला रामराम, सलामला सलाम. फक्त जय भीमला नमस्कार. हे मला तेव्हा दिसलं नाही. बाईंना दिसलं असणार, पण त्यांचं काम दुसरं होतं. पिशवीतून त्यांनी पाच वह्या काढल्या. गावोगावच्या बाळंतपणांच्या गोष्टी होत्या त्या. प्रत्येक बाईचं नाव, तिची सासू काय म्हणाली, नवरा कुठं बसला होता, ती स्वतः कळांमध्ये काय काय बोलली. वहीवर नाव घातलं होतं, ‘बाई मोकळी झाली’. आमच्याकडं बाळंत झालेल्या बाईला मोकळी झाली म्हणतात. अण्णांनी काउंटरवरच उभ्याउभ्या अर्धी वही वाचली, दोन गिऱ्हाइकं परत गेली. मग चष्मा काढून म्हणाले, बाई, हे आपण छापू.

अण्णा वर्षाला एखादं पुस्तक दुकानाच्या नावानं काढायचे, नांदेडच्या छापखान्यात. कॉलेजचे मराठीचे सर हस्तलिखित तपासून द्यायचे. सर पुण्याकडचे, नोकरीसाठी आमच्याकडं आलेले, आणि इतक्या वर्षांनंतरही ‘तुमच्याकडे’ असंच बोलणारे. गावात त्यांचा दबदबा होता. त्यांनी चांगलं म्हटलेलं पुस्तक कॉलेजच्या वाचनालयात जायचं. अण्णा त्यांच्यापुढं स्टुलावर बसायचे आणि खुर्ची त्यांना द्यायचे. सरांनी पहिली गोष्ट, कौसा नावाच्या बाईची, लाल पेन्सिलीनं पूर्ण तपासून दिली आणि मला म्हणाले, “सुरेखा, अनुभव अस्सल आहे, भाषा फार ओबडधोबड आहे. मी हे नमुन्याला केलंय. उरलेलं याच धर्तीवर तू कर.”

मी केलं. त्यांनी सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त केलं. दोन महिने, कॉलेजातून आल्यावर, रोज. ‘न्हाई’चं ‘नाही’, ‘म्या’चं ‘मी’, ‘व्हती’चं ‘होती’, ‘लेकरू’चं ‘बाळ’. एका बाईनं कळांमध्ये नवऱ्याला दिलेली शिवी मी ‘दुष्टा’ अशी केली. माझ्या अक्षरात ती पानं इतकी स्वच्छ दिसायची की मला वाटायचं, बाईंवर मी उपकार करतेय.

कौसाच्या गोष्टीत, जिथं सगळं अडतं तिथं, बाईंनी लिहिलं होतं: ‘कौसा मरून राहिली व्हती. सासू म्हने आता काय न्हाई. म्या म्हनलं हाय.’ सरांनी ‘मरून राहिली व्हती’ खोडून वर लिहिलं होतं, ‘मेली होती’. मग पुढं चार ओळी होत्या, कौसा उठून बसते त्या. मेलेली बाई उठून बसते हे सरांना विसंगत वाटलं असणार. त्यांनी चारही ओळींवर तिरपी रेघ मारली होती आणि समासात शेरा दिला होता, ‘येथे शोकात्म शेवट अधिक परिणामकारक.’ मी ते उतरवून घेताना मोठ्यानं वाचत होते, आणि आई तवा घासता घासता ऐकत होती. ती म्हणाली, “अगं, मरून राहिली म्हंजे मेली न्हवं. मरायला टेकली. तू त्या बाईला मारून टाकून राहिलीस.” मी तिला म्हणाले, तुला शुद्धलेखनातलं काय कळतं. आणि पान उलटलं.

हे मी माझ्या बाजूनं काही न सांगता लिहितेय. मला कळलं नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. सरांना कळलं नव्हतं. त्यांच्या बोलीत ते रूपच नाही. मी त्या रूपात जन्मले होते.

छापलेली कच्ची पानं लेखकाला दाखवायची असतात. अण्णांनी बाईंना तसा शब्दही दिला होता. पण मध्येच पाहुण्यांची तारीख मिळाली. आमच्याकडं पुस्तकाची तारीख पाहुण्याच्या तारखेवर ठरते, लिहून झालंय की नाही यावर नाही. पाहुणे होते बाईंच्या खात्यातले मोठे साहेब. बाईंच्या पुस्तकाला साहेब आले तर बाईंचाच मान, असं सर म्हणाले आणि अण्णांना पटलं. तीन आठवडे हातात होते. कच्ची पानं नरसीच्या पुढं कोण नेणार आणि कधी परत येणार, म्हणून ती मीच तपासली. एकही चूक ठेवली नाही. काचेच्या कपाटातलं कार्डही मीच लिहिलं, सरांनी तोंडी सांगितलं तसं: ‘उपेक्षित स्त्रियांच्या मूक वेदनेला शब्द देणाऱ्या…’ ज्या बायका पाच वह्या भरून बोलल्या, सासूला, नवऱ्याला, सरकारला आणि देवाला नावं ठेवत बोलल्या, त्यांची वेदना मूक आहे असं मी सुवाच्य अक्षरात लिहून काचेत ठेवलं. बाईंना कुणी विचारलं नाही की तुमची ओळख काय लिहू.

रविवारी बाई आल्या त्या एकट्या नाही, दहा-बारा बायका बरोबर घेऊन. पुस्तकात ज्यांच्या गोष्टी होत्या त्यांतल्याच. एस.टी.नं आल्या होत्या, ठेवणीतली लुगडी-पातळं, दोघी-तिघींच्या कडेवर पोरं. अण्णांनी त्यांना सतरंजीवर मागं बसवलं. खुर्च्या रिकाम्या होत्या तरी मागं बसवलं, आणि त्या बसल्या. आईनं आतून येऊन सगळ्यांना पाणी दिलं. साहेब तासभर उशिरा आले. फितीच्या गाठी एका बोटानं सुटल्या, टाळ्या झाल्या, आणि बाईंनी आपलं पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं. उघडलं नाही. मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवून बसल्या, एखादं झोपलेलं मूल सांभाळावं तशा.

सर बोलायला उठले. पाऊण तास बोलले. जागतिक साहित्यातलं मातृत्व झालं, मग ग्रामीण जीवन झालं, मग ते कौसावर आले. आवाज खाली आणून म्हणाले की या पुस्तकातल्या कौसाचा मृत्यू वाचून आपण रात्रभर अस्वस्थ होतो, ही कौसा म्हणजे या मातीतल्या प्रत्येक उपेक्षित स्त्रीचं प्रतीक आहे, आणि आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून तिला श्रद्धांजली वाहावी.

सगळे उभे राहिले. साहेब उभे राहिले, अण्णा उभे राहिले, मी चहाचा ट्रे घेऊन उभीच होते. मागच्या बायका एकमेकींकडं बघत उठल्या. बाईंना भाषणात काय चाललंय ते नीट लागलं नसावं, त्याही उठल्या. मी मान खाली घातली होती. मला कौसा कोण ते माहीत नव्हतं; ती तिथं असेल असं डोक्यातही आलं नव्हतं. दोन मिनिटं कसली, अर्ध्या मिनिटात एक पोरगं रडायला लागलं, आणि त्याला थोपटत त्याची आई शेजारणीला विचारताना सगळ्या दुकानाला ऐकू आलं.

“कोन गेलं वं?”

“कौसा म्हनं.”

“कोनत्या गावची?”

“आपल्याच की. तूच हायस.”

पुढच्या खुर्च्यांवरून कुणीतरी हसलं. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. श्रद्धांजली पूर्ण झाली आणि लोक बसले.

साहेब मात्र बसता बसता बाईंकडं वाकले. त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, हे आईनं मला आधीच सांगितलं होतं. पण एक गोष्ट त्यांच्या नोकरीतली होती आणि ती त्यांना बरोबर ऐकू आली होती. त्यांनी हळू आवाजात विचारलं, पण माइक मध्येच होता. “बाई, ही मातामृत्यूची केस कधीची? रिपोर्ट केला होता का तुम्ही? माझ्या तर पाहण्यात नाही.”

बाईंनी तेव्हा पुस्तक उघडलं. पहिलीच गोष्ट होती. त्या उभ्या राहून, बोट ठेवून वाचत गेल्या. पान उलटलं. परत मागं आल्या. तो वेळ मला त्या दोन मिनिटांपेक्षा फार मोठा वाटला. मग त्या साहेबांना म्हणाल्या, “साहेब, कौसा मेली न्हाई.”

“पण सर आत्ताच म्हणाले. पुस्तकात तसं आहे ना?”

“पुस्तकात आसंल. कौसा, उभी ऱ्हाय.”

मघाची पोरवाली उठली. लुगड्याचा पदर सारखा करून, पोरगं या कडेवरून त्या कडेवर घेऊन, साहेबांकडं बघत उभी राहिली.  

“सत्तावीस वरसं झाली मला ह्या कामात,” बाई म्हणाल्या. त्या माइकवर बोलत नव्हत्या, तरी सतरंजीपर्यंत ऐकू जात होतं. “माज्या हातून दोन लेकरं गेली. त्यायची नावं बी म्या लिव्हली ह्याच्यात. पन बाई एक बी गेली न्हाई. एक बी न्हाई, साहेब. अन माजंच नाव वर टाकून ह्यायनं माज्या हातून बाई मारली.”

सर समजावायला उठले. सर चिडले नाहीत; त्यांना खरोखरच वाटत होतं की प्रश्न समजुतीचा आहे. ते म्हणाले, “बाई, साहित्यात वास्तव जसंच्या तसं येत नसतं. आणि ‘मरून राहिली’ हा प्रयोग व्याकरणात बसत नाही. मरण आलं की मागे राहणं कुठलं?”

“ते तुमच्याकडं,” बाई म्हणाल्या. “आमच्याकडं मरून राहिलेली बाई वाचती. म्हनून तर नर्स लागती.”

मग त्यांनी विचारलं की वह्यांवरून हे कुणी उतरवलं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी विसरलेले नाही. दुकान त्यांचं, पुस्तक त्यांनी काढलेलं, शब्द त्यांनी दिलेला, आणि बोट न दाखवता त्यांनी मला पुढं केलं.

“तू लिव्हलंस, पोरी?”

“हो.”

“तुला बी ठावं न्हवतं, मरून राहिली म्हंजे काय?”

मागच्या दारात आई उभी होती. खोटं बोलायची सोय नव्हती.

“ठाऊक होतं.”

“मंग?”

“सरांनी केलं होतं.”

“सर पुण्याकडले,” बाई म्हणाल्या. “तू कुठली?”

 बाईंनी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं, सत्काराची शालही घडी करून त्यावर ठेवली, आणि काउंटरवर पडलेल्या आपल्या पाच वह्या पिशवीत घातल्या. अण्णा मागं मागं गेले, बाई, आपण दुरुस्ती करू, चहा तरी घ्या. बाई दारात थांबून म्हणाल्या की कौसा जित्ती झाली की कळवा, तोवर ह्या पुस्तकाला माजा हात लागनार न्हाई. बायका त्यांच्यामागं गेल्या. साहेबांनी मात्र दोन बशा सुशीला खाल्ली.

त्या दिवसानंतर आठवडाभर आई आमच्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि जायची. मला काय वाटत होतं ते बाजूला ठेवते. करायचं काय ते महत्त्वाचं होतं. तीनशे प्रती दुकानात पडून होत्या. पुस्तक नव्यानं छापणं शक्य नव्हतं. अण्णांनी मध्यम मार्ग काढला: शुद्धिपत्र. छापून झाल्यावर चुका सापडल्या की एक चिठ्ठी छापून पुस्तकात डकवतात, डाव्या रकान्यात ‘अशुद्ध’, उजव्यात ‘शुद्ध’. मी डाव्या रकान्यात लिहिलं, ‘मेली होती’. उजव्यात, ‘मरून राहिली होती’. सरांनी ते बघितलं आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. ‘मरून राहिली’ शुद्ध या शब्दाखाली छापायला त्यांची तयारी नव्हती. हवं तर ‘वाचकांसाठी टीप’ म्हणा, ‘बोलीतील रूप’ म्हणा, कंसात घाला, अवतरणात घाला, पण शुद्ध म्हणू नका. पुस्तकावर संपादक म्हणून माझं नाव आहे, असं ते म्हणाले. अण्णा म्हणाले, सर म्हणतात त्यातही तथ्य आहे. वाईट माणूस नव्हते अण्णा. पण सगळ्यांशी बरं ठेवायची त्यांना सवय होती, आणि तशा सवयीच्या माणसाकडून नेहमी त्याचंच नुकसान होतं जो सगळ्यात कमी ओरडतो.

मी चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला न जाता नांदेडच्या गाडीत बसले. कळमनुरीला गाडी बंद पडली, तासभर उन्हात उभी होते, तरी परत फिरले नाही. छापखान्यातल्या माणसानं कागद बघून विचारलं, ताई, रकाने उलटे झालेत का? म्हटलं, नाही. आहेत तसेच छापा. त्यानं परत एकदा विचारलं. मी परत तेच सांगितलं. त्यानं छापलं.

यावर आता खूप बोललं जातं. बोलीचा गोडवा, मातीचा गंध, पीएच्.डी. होतात त्यावर. बाईंच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती पुढं मी बाईंनी पुन्हा दिलेल्या वह्यांवरून जशीच्या तशी काढली, तेव्हा निवृत्त झालेले सर एका चर्चासत्रात या पुस्तकाच्या भाषेवर बोलले. ही भाषा जपली पाहिजे हे आपण पहिल्या आवृत्तीच्या वेळीच ओळखलं होतं, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. मी उठून उभी राहिले आणि बाईंच्या वहीतलं, सरांच्या लाल पेन्सिलीचं पान वाचून दाखवलं. आयोजकांनी मला बसायला सांगितलं, वेळेअभावी. मी पूर्ण वाचूनच बसले.

पण ते फार नंतर. तेव्हा तीनशे चिठ्ठ्या घेऊन मी परत आले, डिंक कालवला आणि दोन दिवस बसून एकेका पुस्तकात डकवल्या. नरसीकडं जाणाऱ्या कंडक्टरजवळ बाईंना निरोप दिला की काम झालंय. मला वाटत होतं, बाई येतील. बाई आल्या नाहीत. बाजाराच्या दिवशी दुपारी कौसा आली. कडेवर पोरगं नव्हतं, हातात भाजीची पिशवी होती. काउंटरपुढं उभी राहून म्हणाली, नर्सबाईनं बगून यायला सांगितलं.

मी पुस्तक पुढं केलं. तिनं हात लावला नाही. “मला वाचाया येत न्हाई. तू वाच.”

मी तिची गोष्ट पहिल्यापासून वाचली. ती काउंटरवर कोपर टेकून ऐकत होती, मध्येच, व्हय, अशीच म्हनली व्हती सासू, असं म्हणत होती. शेवटाला आले तेव्हा मी चिठ्ठी दाखवली, दोन रकाने समजावून सांगितले, आणि उजव्या रकान्याप्रमाणं वाचलं: कौसा मरून राहिली होती.

“बराबर,” ती म्हणाली, आणि वाट बघत राहिली. “मंग?”

“मग दुसरी गोष्ट सुरू होते.”

“आन मी कवा उठली?”

एक शब्द दुरुस्त करायच्या नादात त्या चार ओळी माझ्या डोक्यातून गेल्या होत्या. अण्णांच्या गेल्या होत्या, सरांनी तर त्या स्वतःच खोडल्या होत्या. तीनशे पुस्तकांत ही बाई आता मेलेली नव्हती, नुसती मरत पडलेली होती, आणि तशीच पडून राहणार होती. वह्या बाईंकडं परत गेलेल्या. ओळी मी एकदाच वाचलेल्या, शब्द आठवेनात.

मी पेन काढलं, पहिलं पुस्तक उघडलं आणि तिला विचारलं की तू उठलीस तेव्हा काय झालं होतं. तिनं बोटं मोजल्यासारखं करून आठवलं. “उठून बसली. नर्सबाईच्या खांद्याला धरलं. सासूला म्हनलं, भाकर दे.”

मी चिठ्ठीखालच्या कोऱ्या जागेत लिहिलं आणि वाचून दाखवलं: कौसा उठून बसली. तिने नर्सबाईंच्या खांद्याला धरले. ती सासूला म्हणाली, मला भूक लागली आहे.

“भूक लागली न्हाई म्हनलं म्या,” कौसा म्हणाली. “भाकर दे म्हनलं. आन ते ‘तिने धरले’ काय? म्या धरलं.”

मी ते पान फाडलं नाही. खोडलं, आणि खाली तिच्या तोंडून आलं तसं पुन्हा लिहिलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं. मग पिशवी खाली ठेवली, सर बसायचे ती खुर्ची स्वतः ओढून घेतली आणि काउंटरच्या अलीकडं, माझा हात दिसेल अशी बसली.

“बाकीची बी लिही,” ती म्हणाली. “मी बसते.”

संध्याकाळच्या गाडीपर्यंत ती बसून होती. प्रत्येक पुस्तक झालं की ते वाचून घेत होती. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि ठेवण्यासारखं मी तोवर काही केलंही नव्हतं.